शिवणाच्या तासाचं मूल्यमापन

आता तुम्ही म्हणाल, 'मला हे जमणार नाही' असं सांगून अण्णाजी सरळ मोकळे का नाही झाले? अहो, होणारच होते. पण शाळेच्या संस्थेच्या सभेत अध्यक्ष ताराचंदशेठ 'मूल्यमापन' असा जड शब्द बोलले, आणि ज्या माणसाचं निम्मं आयुष्य कापडाच्या दुकानात गादीवर बसून गेलं, त्याला एखाद्या शब्दाचा अर्थ माहीत नाही हे चारचौघांत कबूल करायची सोय नसते. अण्णाजींनी विचारात पडल्यासारखी मान हलवली. शेठना ती होकाराची वाटली. झालं, काम अण्णाजींच्या गळ्यात पडलं.

प्रकरण एवढंच होतं. सिंदी रेल्वे या गावातल्या मुलींच्या शाळेत एक खोली जास्तीची होती, आणि त्या खोलीत मीराबाई शिवणाचा तास घेत. ताराचंदशेठ कापसाच्या जिनिंगवाले. ते नुकतेच नागपूरला कसल्याशा शिबिराला जाऊन आले होते आणि येताना दोन गोष्टी घेऊन आले होते. एक संत्र्याची बर्फी आणि दुसरी ही कल्पना, की शाळेतल्या कोणत्याही उपक्रमावर जो खर्च होतो तो वसूल होतो की नाही हे तपासलं पाहिजे. बर्फी सभेतच संपली. कल्पना उरली.

"शिवणाच्या तासावर आपण सालोसाल खर्च करून राह्यलो," शेठ म्हणाले. "मशिनी, दोरे, तेल, बाईचा पगार. बदल्यात काय भेटून राह्यलं? दुनिया कंपूटरवर गेली अन् आपल्या पोट्ट्या अजून काजं करून राह्यल्या. त्याच खोलीत कंपूटर बसवू, नागपुरात पाह्यला तसा. पण मी काही हुकूमशहा नाई. पयले मूल्यमापन होऊन जाऊ द्या. फायदा असन तं तास राहीन. नसन तं मीराबाईले नमस्कार. अण्णाजी कापडातले मानूस आहेत, तेच पाहतीन."

मीराबाई तेव्हा दारातच उभ्या होत्या. सभेचा चहा त्यांच्याच खोलीतल्या स्टोव्हवर होई. घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चाले, हे सभेतल्या सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी नुसतं अण्णाजींकडे पाहिलं आणि कप गोळा केले. कापड आवडलं नाही म्हणून गिऱ्हाईक न बोलता उठून जातं तेव्हा अण्णाजींना जसं होई, तसंच त्यांना झालं.

घरी आल्यावर नलूताईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "अजी, तुमाले शिवणातलं काय समजते?"

"मले कापड समजते."

"कापड तं बकरीलेबी समजते. खाऊन पाह्यते."

बायकोपुढे अधिकार सिद्ध करायचा तर रीतसर सुरुवात हवी, म्हणून अण्णाजी दुसऱ्याच दिवशी पॅसेंजरनं वर्ध्याला गेले. मूल्यमापनाचा काहीतरी छापील नमुना सरकारी कचेरीत मिळतो, असं कोणीतरी सांगितलं होतं. कचेरीतल्या बाबूनं चष्म्यावरून पाहिलं. "मूल्यमापन का मूल्यांकन?"

"फरक काय आहे जी?"

"टेबल वेगळं आहे."

मूल्यांकनाच्या टेबलावरचे साहेब रजेवर होते. मूल्यमापनाच्या टेबलावरचे साहेब मूल्यमापनाला गेले होते. कुठं, ते कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी बाबूला अण्णाजींची दया आली. तो म्हणाला, "काका, पयले तुमाले काय मोजाचं आहे ते ठरवा. मंग या." अण्णाजी कॅन्टीनमध्ये आलूबोंडा खाऊन परत आले. काय मोजायचं ते ठरवायला तर ते गेले होते!

ठरवलं शेवटी बापूरावांनी. हे शेजारचे. एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले, आणि गाड्या सोडायचं काम सुटल्यापासून सल्ले सोडत असलेले. म्हणाले, "अण्णाजी, त्यात काय आहे? या शाळेतून दहावी होऊन गेलेल्या पोरी घ्या. साऱ्याइले सारखं कापड द्या. ब्लाऊज शिवा म्हणा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाले शाळेत घालून या म्हणा. ज्या शिवतीन त्या पास, ज्या नाई शिवतीन त्या नापास. झालं तुमचं मूल्यमापन. मी येतो ना संगं. एकट्यानं असं कोणाच्या घरी जाऊ नये."

कल्पना झकास होती. दुकानात पोपटी रंगाचं एक थान पडून होतं. रंग असा होता की गिऱ्हाईक त्याच्याकडे पाहून पदरानं डोळे झाकून घेई. अण्णाजींनी थानातून एकसारखे ब्लाऊजपीस फाडले. आपला माल खपतोय म्हणून नव्हे, मोजमाप सारखं असावं म्हणून. हे त्यांनी स्वतःलाच दोनदा सांगितलं. नलूताई म्हणाल्या, "पोरीबाळीले कोरडा खण देऊ नये. संगं नारळ ठेवा." तेही रास्तच होतं. पिशवीत नारळ पडले.

पोरी कोणत्या घ्यायच्या? अण्णाजींनी ओळखीची घरं धरली. ओळखीची घरं म्हणजे अर्थातच समाजातली घरं. आणि इथं एक गोष्ट सांगायची राहिली. अण्णाजींना एकच मुलगा, पियुष. सेवाग्रामला दवाखान्याच्या कचेरीत चिकटलेला, रोज गाडीनं जाऊन-येऊन करणारा, निर्व्यसनी, आणि लग्नाचा. या शेवटच्या गोष्टीचा मूल्यमापनाशी काही संबंध आहे असं अण्णाजींच्या डोक्यातही आलं नाही. गावाच्या मात्र दुसरं काही डोक्यात आलं नाही.

पहिला फोन कौशल्याबाईंकडे लागला. "आमी रविवारी येऊन राह्यलो," अण्णाजी ओरडून बोलले, कारण लाइनीत खरखर होती. "तुमच्या सपनाचं पाहाचं आहे जरा. शाळेतल्या कार्यक्रमाचं." खरखरीतून पलीकडे पोचलं ते 'रविवारी', 'सपना', 'पाहाचं आहे' आणि 'कार्यक्रम'. तेवढं पुरेसं होतं.

रविवारी गेले तर बैठकीत घडी मोडलेली नवी चादर, शेजारून आणलेल्या खुर्च्या, आणि मुलीचे मामा खास जामहून आलेले. जामच्या चौकात त्यांचा ढाबा होता, तो बंद ठेवून आले होते. शाळेच्या उपक्रमाबद्दल लोकांना एवढी आस्था असेल, असं अण्णाजींना वाटलं नव्हतं. ते हलून गेले. तेवढ्यात सपना साडी नेसून, पोह्यांचा ट्रे घेऊन, खाली मान घालून आली आणि दोघांच्या पाया पडली.

बापूरावांनी माहिती घ्यायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं, माहिती घ्यायची तर पुरी घ्यावी. जन्मतारीख विचारली, उंची विचारली, आणि सवयीनं मामेकूळही विचारलं. मामा समोरच असल्यामुळे ते लगेच मिळालं.

"शिवण येते ना?" अण्णाजींनी मुद्द्याचं विचारलं.

"सारं येते जी," कौशल्याबाई म्हणाल्या. "शिवण, विणकाम, सैपाक. पोरगी शांत आहे. कोणाले उलटून बोलत नाई."

"म्हंजे शाळेतल्या कार्यक्रमाचा फायदा झाला म्हणाचा?"

"झाला तं! म्हून तं आजचा कार्यक्रम जमून आला."

अण्णाजींना उत्तर फार पसंत पडलं. मामांनी खाकरून घसा साफ केला. "तुमची काही अपेक्षा असन तं आताच मोकळं बोलून टाका, भाऊ."

"अपेक्षा एकच," अण्णाजी म्हणाले, "खर्च वसूल झाला पाह्यजे."

मामांच्या हातातली बशी खाली आली. "किती खर्च?"

"तो हिशोब ताराचंदशेठ सांगतीन. माह्याकडं फक्त पाहाचं काम आहे."

निघताना अण्णाजींनी पोपटी ब्लाऊजपीस आणि नारळ कौशल्याबाईंच्या हातात दिला. "शिवून ठेव म्हणा तिले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाले शाळेत घालून येजो म्हणा." कौशल्याबाईंनी खण कपाळाला लावला आणि त्यांचे डोळे भरून आले. बाहेर पडल्यावर अण्णाजी म्हणाले, "बापूराव, शिक्षणाचं काम केलं पाह्यजे मानसानं. किती मान आहे!"

पुढं घरामागून घरं झाली. प्रत्येक घरी पोहे. कुठं शिरा. एका घरी दोन्ही, वर भजी. प्रत्येक घरी पोरगी साडीत, खाली मान, पायावर हात. अण्णाजींचं पोट बिघडलं पण मत पक्कं होत गेलं. शिवणाच्या तासानं मुलींमध्ये काय नम्रता आली आहे! काय टापटीप! एकीनंही ट्रे तिरपा धरला नाही. हे सगळं मीराबाईंचं श्रेय, असं ते घरी येऊन रोज सांगत. सोडा पीत पीत सांगत. नलूताई ऐकून घेत आणि संध्याकाळी त्यांच्यासाठी पातळ खिचडी टाकत.

शेवटचं घर नानाजींचं राहिलं होतं. नानाजी शेतकरी, गावाच्या टोकाला राहत. त्यांची थोरली रक्षा दहावी करून आता वर्ध्याला बारावीला होती. धाकटी अजून शाळेत होती. इथंही पोहे झाले, पाया पडणं झालं, नारळ-खण झाला. बापूराव नानाजींशी पराटीबद्दल, म्हणजे त्यांच्या कपाशीबद्दल, बोलत मागं राहिले आणि अण्णाजी चपला घालायला अंगणात आले, तशी रक्षा लगबगीनं मागून आली. खण तिच्या हातात होता.

"काका, हे वापस घ्या. मले लग्न नाई कराचं."

"नको करू बेटा," अण्णाजी म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं. "कोणाचं लग्न?"

"माहं. पियुषदादासंगं. तुमी पसंतीचा खण देऊन राह्यले ना? गावात साऱ्याइले मालूम आहे. तुमी कौशल्याकाकूच्या सपनालेबी देल्ला, गुरुजीच्या दोन्ही पोरीइले देल्ला. लोक म्हणून राह्यले, अण्णाजीचं डोकं फिरलं, एका पोराले इतक्या पोरी पसंत करून राह्यले."

अण्णाजी तिथंच अंगणाच्या कडेच्या दगडावर बसले. खाल्लेले सगळे पोहे एकदम आठवले.

"मी शिवण पाहाले आलतो ना गं पोरी! शाळेचं काम आहे. तुले शिवता येते का, एवढंच पाहाचं होतं!"

रक्षाचा चेहरा आधी मोकळा झाला आणि मग पुन्हा उतरला. तिनं एकदा घराकडे पाहिलं. "मले शिवता नाई येत, काका. सुईत दोराबी ओवता येत नाई. शिवणाच्या तासाले मी मागच्या मशिनीपाशी बसून गणितं सोडवो. मीराबाई बसू देत. बाबा मले सातवीतूनच काढणार होते. शिवण शिकते म्हणून राहू देल्लं. आता मले नर्सिंगले जायचं आहे. धाकटीचंबी तसंच सुरू आहे. तुमी बाबाले नका सांगू. तास बंद झाला तं तिले घरी बसवतीन."

एवढं बोलून ती आत पळाली. खण अण्णाजींच्या हातात राहिला.

आता बघा काय झालं ते. शिवणाच्या तासाला बसलेली पोरगी शिवण सोडून सगळं शिकली होती. मग तास फुकट गेला म्हणायचा की वसूल झाला? कापडात असं नसतं. सूती म्हटलं की सूती. अण्णाजींनी आजवर कधी टेरिकॉटला सूती म्हणून विकलं नव्हतं, आणि त्याच एका गोष्टीवर ते बाजारात मान ताठ ठेवून चालत. मीराबाईंची नोकरी, नानाजींची धाकटी, आणि आपला खरेपणा, हे तिन्ही एका मापात बसेनात. त्यांनी बापूरावांना काहीच सांगितलं नाही. अख्ख्या वाटेत बापूराव एकटेच पराटीबद्दल बोलत होते.

घरी नलूताई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. पियुष बाजूला. त्याला गाडीत कोणीतरी पेढा मागितला होता.

"बाबा," तो म्हणाला, "कोणती पक्की केली तेवढं सांगून द्या. गाडीत लोक नाव पुसतात, मले सांगता येत नाई. मानसानं किती वेळ हसावं?"

"नारळ तुमी द्या म्हटला होता!" अण्णाजी नलूताईंवर उखडले.

"मले काय मालूम, तुमी बापूरावले संगं घेऊन, मामेकूळ पुसत फिरून राह्यले! बाईले विचारलं असतं तं बाईनं सांगतलं असतं. माह्या पोराच्या लग्नाची अशी हर्रासी मांडली, माय वं! उद्याच्या उद्या घरोघरी जाऊन सांगून या."

अण्णाजी जायला निघालेही होते. पण बापूराव आडवे आले. "घरोघरी गेले तं घरोघरी शिव्या खासान. परवा हळदीकुंकू आहे. सारे तिथं येतीन. एकदाच जाहीर सांगून टाका. एकाच फेरीत सारे पॅसेंजर." सल्ला ऐकायला इतका सोयीचा होता, की तो बापूरावांचा आहे हे अण्णाजी विसरले.

संक्रांतीचं हळदीकुंकू शाळेच्या पटांगणात होतं. मांडव, सतरंज्या, तिळगूळ. ताराचंदशेठ खुर्चीवर. बायका आणि मुली एका बाजूला, बाप आणि मामे दुसऱ्या बाजूला. फाटकातून पहिली पोपटी पोरगी आत आली. मग दुसरी. मग दोघी एकदम. मांडवात पोपटी रंग वाढत गेला आणि बोलणं कमी होत गेलं. बायका एकमेकींच्या पोरींकडे पाहत होत्या, मग आपल्या पोरीकडे, मग अण्णाजींकडे. सपनाच्या बाजूला गुरुजींच्या दोन्ही पोरी येऊन बसल्या, तशा कौशल्याबाई उठल्या.

"तुमच्या घरीबी आलते?"

"हव. अन् तुमच्या?"

"आमच्या घरी तं पयले आले!" कौशल्याबाई सरळ अण्णाजींसमोर येऊन उभ्या राहिल्या. "भाऊ, आता सांगा. माही पोरगी कितव्या नंबरावर आहे?"

एकच गलका झाला. जामचे मामा बाह्या मागं सारत होते. अण्णाजी सतरंजीवर उभे राहिले आणि हात जोडून ओरडले, "बाया हो, भाऊ हो, मी पोरी पाहाले आलतोच नाई! मी शिवण पाहाले आलतो! शाळेच्या शिवणाचं मूल्यमापन!"

मग बायकांतून आवाज आला, "मंग पोहे काऊन खाल्ले?"

नलूताईंनी पदर तोंडावर घेतला. पियुष मांडवाबाहेर जाऊन सायकलींची राखण करू लागला.

"शिवणाचं तं शिवणाचं," अण्णाजी चाचरत म्हणाले. "पण पोरींनी ब्लाऊज किती छान शिवले, ते पाहा तरी." आणि त्यांनी पहिल्यांदाच कापडवाल्याच्या नजरेनं नीट पाहिलं. प्रत्येक बाहीला तोच बारीक गोट. तीच दुमड. तोच जरासा उजवीकडे झुकलेला हात. हा हात त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. स्टेशनजवळच्या तानबा टेलरचा!

"भाऊ, काहीबी काय बोलून राह्यले?" कौशल्याबाई आवाज खाली आणून फणकारल्या. "पसंतीचा खण कोणी पोरीच्या हातानं शिवते काय? बिघडला म्हंजे? साऱ्याइनं तानबाले देल्ला. तुमचंच मूल्यमापन करा म्हणा आता कोणी."

गलक्यात ते शेठपर्यंत पोचलं नाही. शेठ खुर्चीवरून उठले आणि त्यांनी हात वर केला. "लग्नाचं तुमी घरी निपटवा. मले संस्थेचं पाहाचं आहे. अण्णाजी, एका वाक्यात सांगा. शिवणाच्या तासाचा फायदा आहे का नाई?"

मीराबाई तिळगुळाच्या परातीपाशी उभ्या होत्या. त्यांच्या हातातला लाडू हातातच राहिला. समोरच्या रांगेत नानाजी बसले होते, आणि बायकांच्या बाजूला रक्षा, तिच्या कुशीला धाकटी. रक्षाचा एकटीचा ब्लाऊज पोपटी नव्हता. ती अण्णाजींकडे डोळे लावून होती.

अण्णाजींनी तोंड उघडलं. खरं बोलावं तर एकीनंही स्वतः शिवलेलं नाही. खोटं बोलावं तर दुकानावर बसलेला माणूस तो, उद्या कोणत्या तोंडानं सूती म्हणून सांगणार? आणि रक्षाचं खरं बोलावं तर तिचा बाप समोर. तोंडातून निघालं ते एवढंच, "शेठजी, तास बंद झाला तं..."

"तं काय होते? कंपूटर येते!"

तेव्हा नानाजी उठले. उपरणं खांद्यावर नीट घेतलं. "कंपूटर शिकून पोट्टी काय करते जी? शिवण आहे म्हून मी पोरी शाळेत ठेवल्या. शिवण बंद, तं माही धाकटी उद्यापासून घरी."

"माहीबी," मागून कोणीतरी म्हणालं. "माहीबी," आणखी एकजण. मांडवात डोकी हलू लागली.

ताराचंदशेठ गडबडले. वर्ग रिकामे झाले तर शाळेचं काय उरतं, हे कळायला शिबिराला जावं लागत नाही. अण्णाजींना घाम फुटला, आणि घामातच त्यांच्या तोंडून निघालं, "शिवण उत्तम आहे, शेठजी! नंबर एक! मी पाह्यलं! पण मशिनी जुन्या झाल्या. त्याच खोलीत मीराबाईले एक नवीन मशीन आणून द्या. तुमी नागपुरात पाह्यली ना, तशी!"

शेठनं डोळे बारीक केले. मग त्यांचे डोळे हळूहळू मोठे झाले. धंद्याचा माणूस होता तो. "नवीन मशीन," ते म्हणाले. "हव. आणतो नवीन मशीन."

मीराबाईंनी हातातला लाडू परातीत ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पोरी टाळ्या वाजवायला लागल्या. का वाजवताहेत ते अर्ध्यांना माहीत नव्हतं.

त्यानंतरचा आठवडा अण्णाजींचा माफ्या मागण्यात गेला. नलूताई संगं होत्या, आणि कुठल्याही घरी पाणीसुद्धा घ्यायचं नाही अशी त्यांची सक्त ताकीद होती. अण्णाजींना वाटलं होतं लोक भांडतील, रडतील. उलट घरोघरी लोक हसून म्हणाले, राहू द्या हो, आमी तसाबी नकारच कळवणार होतो. सपनानं म्हणे पहिल्याच दिवशी आईला सांगितलं होतं, की मुलाचा बाप पहिल्याच भेटीत खर्च वसूल करायचं बोलतो. एवढा पियुषसारखा पोरगा, आणि न विचारता इतक्या घरांतून नाकारला गेला! अण्णाजींच्या जिव्हारी लागलं ते हे. ते रागारागानं घरी आले आणि उरलेलं पोपटी थान फडताळाच्या तळाशी ढकलून दिलं.

जूनमध्ये शाळा उघडली. वेळापत्रकात 'शिवण' असंच लिहिलेलं होतं. खोलीत कोपऱ्यात मशिनीचं कव्हर घालून कंपूटर बसला होता. शेठ खुश, मीराबाई खुश, आणि बापूराव सगळं आपल्यामुळे झालं म्हणून खुश. अण्णाजींना मात्र रोज गादीवर बसलं की आपण नेमकं काय मोजलं हा प्रश्न पडे, आणि गिऱ्हाईक आलं की तो अर्ध्यातच सोडावा लागे.

एक दिवस नानाजी दुकानात आले. "सदऱ्याचं कापड दाखवा, अण्णाजी. धाकटी नव्या मशिनीवर शिकून राह्यली. म्हटलं, एक सदरा तिच्याच हातचा घालू."

अण्णाजींच्या हातातला गज खाली पडला. "घ्या ना. कापड इथंच राहू द्या. मी शाळेत पोचवतो." आणि नानाजींची पाठ वळताच, नानाजींचं माप डोळ्यांत धरून, ते कापड घेऊन स्टेशनकडे तानबा टेलरकडे गेले. "असा शिव, का पोरीनं शिवल्यासारखा दिसला पाह्यजे."

तानबाचा अपमान झाला. "वाकडं मले येत नाई, अण्णाजी. माहं नाव आहे इथं."

"माहं नव्हतं काय?" अण्णाजी कळवळून म्हणाले. तानबानं त्यांच्याकडे पाहिलं आणि कापड घेतलं.

सदरा शाळेतून धाकटीच्या हाती घरी येऊन नानाजींच्या अंगात चढला तेव्हा एक बाही मनगटाला होती आणि दुसरी बोटभर वर. तो घालूनच ते दुकानाच्या पायऱ्या चढले. "कसा जमला जी?"

"भारी!" अण्णाजी म्हणाले. "पोरीच्या हाताले वळण आहे."

नानाजी गादीच्या कडेला बसले. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून हळूच म्हणाले, "तानबाले मजुरी देली ना?"

अण्णाजींनी हातातलं थान गादीवर ठेवलं.

"माह्या रक्षाले सुईत दोरा ओवता येत नाई अन् धाकटीनं तं सुई पाह्यलीबी नसन. बाप आहो मी त्याइचा. मले मालूम नसन का?"

"मंग हळदीकुंकवाले तुमी तसं काऊन बोलले? अन् हा सदरा?"

"माही माय रोज पुसते, पोट्ट्या शाळेत काय करतात. भाऊ पुसते. गणितं सोडवतात म्हटलं तं दुसऱ्या दिवशी शाळा बंद करतीन. शिवतात म्हटलं का सारे चूप. पण आता माय म्हणे, इतके दिवस झाले, शिवलेलं काही दाखव तरी. मले काय माहीत होतं, पोट्टीच्या आधी तुमालेच घाम फुटन!"

अण्णाजींच्या डोक्यात सगळं गरगरलं. पोरी बापाला फसवत होत्या. बाप आजीला फसवत होता. आपण शेठला आणि शेठ गावाला. "रक्षाले मालूम आहे का, का तुमाले सारं मालूम आहे म्हून?"

"नाई. अन् सांगूबी नका." नानाजींचा आवाज एकदम मऊ झाला. "बापाले फसवून शिकून राह्यली ना, म्हून जीव तोडून शिकते पोरगी. नर्सिंगले नंबर लागला तिचा. काल कागद आला. माह्यापासून लपवून रडली, न्हाणीत जाऊन."

आणि नानाजींनी, एरवी कधी कोणापुढं न वाकणाऱ्या त्या माणसानं, आखूड बाहीनं डोळे पुसले. अण्णाजींनाही राहवलं नाही. त्यांनी गादीवरच्या थानात तोंड खुपसल्यासारखं केलं आणि कापड हुंगत असल्याचं सोंग केलं.

"चालतो. मायले दाखवाचा आहे," म्हणत नानाजी उतरले. रस्त्यानं भेटेल त्याला थांबवत होते, आखूड बाही पुढं करून दाखवत होते. "माह्या पोरीनं शिवला," असं म्हणताना त्यांचा आवाज पार चौकापर्यंत ऐकू येत होता, आणि लोक सदरा पाहून मान डोलावत होते.